शेळीच्या चामड्यातले दोष कॅमेऱ्याने पकडायचेत? आमच्या गाळ्यात काय चुकलं ते आधी वाचा

पहिल्या महिन्यात आमच्या मॉडेलने, म्हणजे फोटोत दोष ओळखायला शिकवलेल्या संगणकाच्या प्रोग्रॅमने, सगळ्यात जास्त वेळा पकडलेला दोष म्हणजे ट्यूबलाइटची सावली. दुसऱ्या नंबरवर माझ्या डोक्याची सावली. गोचीड, ओरखडे, सुरीचे काप यांचा नंबर त्यानंतर.

नाशिकला अंबडच्या एका गाळ्यात आम्ही चौघं पाकिटं आणि पट्टे बनवतो. चामडं बघून कुठे काय कापायचं ते ठरवणारे एकटे आबा. चाळीस वर्षं त्यांचा हात टेबलावर आहे. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि आमचं धाबं दणाणलं. ते नसताना मी कापलेल्या पहिल्याच लॉटमधली बारा पाकिटं परत आली. झडपेवर, अगदी बटणाच्या शेजारी, गोचिडाचे बारीक खड्डे. शिवून, पॉलिश करून झाल्यावर दिसले. तेव्हा ठरवलं की निदान वरवरचे दोष तरी यंत्राला दाखवता आले पाहिजेत.

हे लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, माझ्यासारखे छोटे कारखानदार. दोन, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी 'चामडं आणि एआय' हा विषय घेऊन येणारी इंजिनिअरिंगची मुलं. कारखानदारांना संगणकाची भीती वाटते आणि मुलांना चामड्याची अजिबात वाटत नाही. वाटायला हवी.

१. कोणत्या टप्प्यावरचं चामडं बघणार, ते ठरवा

'चामडं' म्हणून चार वेगवेगळ्या वस्तू तुमच्यासमोर येऊ शकतात. मीठ लावलेलं कच्चं कातडं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं, ओलसर, निळसर वेट ब्लू. वाळवून मऊ केलेलं, पण अजून वरचा थर न चढवलेलं क्रस्ट. आणि रंग-लेप चढवलेलं फिनिश. दोष चारही टप्प्यांवर असतात, दिसतात मात्र वेगवेगळे.

कच्च्या कातड्यावर केस असतात, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. वेट ब्लू ओलं असल्याने चमकतं. मोठ्या टॅनरीत तिथेच छाननी होते, पण आपल्यासारख्याने तिथून सुरुवात करू नये. फिनिशवर लेपाने निम्मे दोष झाकलेले असतात आणि नेमके तेच नंतर शिलाईत वर येतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: क्रस्टपासून सुरुवात करा. कोरडं, मॅट, सपाट आणि बरंचसं प्रामाणिक. आमच्याकडे धारावीतून येतं, कधी चेन्नई-कानपूरहून.

एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात कच्च्या कातड्यावर प्रयोग करायला जाल, तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका. अचानक मेलेल्या जनावराच्या कातड्यातून काळपुळीसारखा रोग माणसाला होऊ शकतो.

२. आधी दोषांची नावं, मग कॅमेरा

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळली होती. इंटरनेटवरच्या इंग्रजी यादीतून चौदा प्रकार उचलले आणि आबांसमोर ठेवले. त्यांनी यादी बाजूला सारली, एक कातडं उलगडलं आणि अंगठा फिरवत बोलायला लागले. मी वही काढली. त्या वहीत उतरलं ते असं:

गोचिडाचे डाग: टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. बहुतेक पोटाकडे आणि मांडीच्या आत, जिथे कातडी पातळ असते.

काट्यांचे ओरखडे: लांब, बारीक, बहुतेक बरगड्यांवर. आपल्याकडची संगमनेरी शेळी बाभळी-बोरीत चरते, तिच्या चामड्यावर हे असणारच. जुना ओरखडा भरून आलेला असतो आणि हाताला गुळगुळीत लागतो. नवा उघडा असतो. दोन्ही वेगळे धरा, कारण भरलेला ओरखडा पाकिटाच्या आत चालतो.

देवीचे आणि खरजेचे व्रण: एकट्या खड्ड्यासारखे नाहीत, पट्ट्यात पसरलेले.

सुरीचे काप: कातडं सोलताना मांसाच्या बाजूने झालेले. वरून दिसत नाहीत, ओढल्यावर फाटतात.

मिठाचे आणि कुजण्याचे डाग: कातडं उतरवल्यावर काही तासांतच कुजायला लागतं. वजनाच्या साधारण ४० टक्के मीठ लावावं लागतं, तेही लगेच. बकरी ईदला एका दिवसात एवढी कातडी येतात की मीठ आणि माणसं दोन्ही कमी पडतात. त्या लॉटमध्ये वरचा थर उडालेले पट्टे जास्त सापडतात. लॉट कधीचा, हे विचारून वहीत लिहून ठेवा. पुढे कामाला येईल.

मग मी विचारलं, "आबा, या मानेच्या सुरकुत्या कशात धरायच्या?"

"कशातच नाही. ती काय रोगाने आलीय? जनावर मान वाकवतं, वळ्या पडतात. तुझ्या गळ्याला नाहीत?"

दोष आणि स्वभाव यांतला हा फरक नीट समजून घ्या. मानेच्या वळ्या, पाठीच्या कण्याची रेघ, शिरांचं जाळं, पोटाकडचा मोकळा पोत हा चामड्याचा स्वभाव आहे. हे वेगळं शिकवलं नाही, तर मॉडेल प्रत्येक मानेला नापास करतं.

सुरुवातीला चारच वर्ग ठेवा: खड्डे, ओरखडे, उडालेला थर, भोक किंवा काप. चौदा वर्ग ठेवले, तर निम्म्यांचे तुमच्याकडे दहासुद्धा नमुने नसतील.

३. सामान

- आधार द्यायची ॲल्युमिनियमची चौकट. अंबड-सातपूरच्या भंगारात प्रोफाइलचे तुकडे किलोवर मिळतात, नवीन घेऊ नका.
- पाया म्हणून मॅट सनमायका लावलेला प्लायचा बोर्ड. तपकिरी चामड्यासाठी निळा किंवा हिरवा, म्हणजे कडा आपोआप वेगळी काढता येते.
- एलईडी पट्ट्यांचे चार तुकडे आणि प्रत्येकाला वेगळं बटण. ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) चांगल्या प्रतीचा.
- काळं जाड कापड, चारही बाजूंनी.
- कॅमेरा. बारा मेगापिक्सेलचा मोबाइल सुरुवातीला पुरतो, पण तो या कामालाच वाहिलेला हवा. खिशातला नको.
- स्टीलची फूटपट्टी आणि फोटोग्राफीचं करडं कार्ड.
- लाकडी किंवा प्लास्टिकच्या चिमट्या. लोखंडी अजिबात नको. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं जरा जरी दमट असलं आणि त्याला लोखंड टेकलं, तर काळा डाग पडतो. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की शाईच तयार होते. आमच्या कोल्हापुरीच्या चामड्याच्या सहा तुकड्यांच्या कडांना एकसारखे काळे चौकोन पडले होते. मॉडेलने ते दोष म्हणून बरोबर पकडले. फक्त दोष शेळीचा नव्हता, आमचा होता.
- लॅपटॉप. प्रशिक्षणासाठी स्वतःचं महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेचा मोफत भाग सुरुवातीला पुरतो.
- इन्व्हर्टर. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत दुकान चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

४. उजेड

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. मी दोन महिने मॉडेल बदलत बसलो आणि उजेड बदलला तो एका शनिवारी दुपारी. फरक त्या दुपारीच पडला.

चामड्यातले दोष दोन जातींचे. काही रंगाचे: डाग, करपलेला पट्टा. काही उंचीचे: खड्डा, ओरखडा, वळी. रंगाचा दोष बघायला सगळीकडून सारखा पसरलेला, मऊ उजेड लागतो. उंचीचा दोष त्याच उजेडात गायब होतो, कारण सावलीच पडत नाही. त्यासाठी दिवा चामड्याच्या जवळजवळ पातळीवर आणायचा, दहा ते वीस अंशांच्या तिरकस कोनात. संध्याकाळी गंगापूर रोडवरून जाताना मावळत्या उन्हात शेतातलं प्रत्येक ढेकूळ उठून दिसतं ना, तेच तत्त्व.

पण तिरका उजेड एकाच बाजूने टाकलात, तर त्याच दिशेने गेलेला ओरखडा दिसणार नाही. त्याची सावली त्याच्यातच मावते. म्हणून चार बाजूंना चार पट्ट्या आणि चार बटणं. एक फोटो चारही पट्ट्या लावून. मग एकेक पट्टी लावून चार. एकूण पाच फोटो, मध्ये चामडं हलवायचं नाही. वेळ लागतो, पण त्याच चामड्यात आधी न दिसलेले ओरखडे दिसायला लागतात.

इथे दोन खड्डे आहेत, आम्ही दोन्हींत पडलो.

पहिला: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर पक्कं करा, नाहीतर ड्रायव्हर बदला.

दुसरा: खिडकी. आमचा गाळा पश्चिमेला उघडतो. सकाळचे फोटो वेगळे, चारनंतरचे वेगळे. मॉडेलला वाटलं की संध्याकाळी आलेलं चामडं जास्त खराब असतं. काळं कापड लावा आणि मगच पुढचं बोला.

फिनिश चामडं बघायचंच असेल, तर चकाकीसाठी दिव्यावर ध्रुवण (पोलरायझिंग) फिल्म आणि लेन्सवर तिच्याशी काटकोनात फिरवलेला ध्रुवण फिल्टर लावतात. चकाकी जाते आणि खालचा रंग दिसतो. क्रस्टला याची गरज नाही.

५. कॅमेऱ्याचं गणित

विकणारा मेगापिक्सेल सांगेल. तुम्ही एकच विचारा: एका मिलिमीटरला किती पिक्सेल?

बारा मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४००० पिक्सेल. त्यात एक मीटर जागा बसवली, तर एका पिक्सेलला पाव मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या गोचीड-खड्ड्याला चार पिक्सेल मिळतात, म्हणजे जेमतेम पुरेसं. शेळीचं चामडं साधारण तीन ते पाच चौरस फूट असतं, ते एका मीटरच्या चौकटीत आरामात मावतं. म्हशीचं मावत नाही. तिथे दोन मीटर एका फोटोत घ्याल, तर त्याच खड्ड्याला दोनच पिक्सेल उरतात आणि मॉडेल अंदाजपंचे बोलायला लागतं. म्हशीच्या चामड्याला एकतर तुकड्या-तुकड्याने फोटो घ्या, नाहीतर मोठ्या कारखान्यात असतो तसा लाइनस्कॅन कॅमेरा लागेल. त्यात चामडं पट्ट्यावरून सरकतं आणि कॅमेरा एकेक ओळ वाचत जातो. तो खर्च आपला नव्हे.

१०८ मेगापिक्सेलच्या जाहिरातीला भुलू नका. असे फोन बहुतेक वेळा अनेक पिक्सेल एकत्र करून बारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. शिवाय फोन स्वतःच्या मनाने रंग सुधारतो, कडा धारदार करतो, डाग मऊ करतो. माणसाचा चेहरा सुंदर दिसावा म्हणून केलेली ती सोय आहे. आपल्याला चेहऱ्यावरचे डागच हवेत. प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस सगळं हाताने पक्कं करा. एचडीआर बंद. वाइड लेन्स नको, कडा वाकतात.

६. फोटो काढायची शिस्त

प्रत्येक चामड्याला नंबर द्या, कोपऱ्याला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. फाइलच्या नावात चामड्याचा नंबर, बाजू, दिव्याचा नंबर आणि तारीख. 'नवीन फायनल २' अशा नावाच्या फोल्डरने माझा एक आठवडा खाल्ला आहे.

रोज सकाळी पहिला फोटो करड्या कार्डाचा आणि फूटपट्टीचा. काल आणि आज यांत उजेड बदललाय का, ते लगेच कळतं.

मांसाच्या बाजूचाही फोटो घ्या. सुरीचे काप तिथेच दिसतात.

चामडं हाताने सपाट करा, ओढून ताणू नका. ताणलं की खड्डे उथळ होतात. आणि घडीवर घातलेलं चामडं आदल्या रात्री पसरून ठेवा, नाहीतर घडीची रेघ ओरखडा म्हणून नोंदली जाते.

७. खुणा करणं

आता ज्याला इंग्रजीत लेबलिंग म्हणतात ते काम. सीव्हॅट, लेबलमी, लेबल स्टुडिओ अशी साधनं मोफत मिळतात. फोटोवर दोषाभोवती रेघ ओढायची आणि नाव द्यायचं. कंटाळवाणं आहे. तरी हे काम बाहेर देऊ नका.

आमची सगळ्यात लाजिरवाणी चूक इथली. आबांना माउस जमेना, म्हणून ते चामड्यावरच खडूने गोल करत आणि मी फोटो काढून त्या गोलांवरून संगणकात खुणा करत असे. मॉडेल झकास शिकलं. चाचणीत एकही दोष सुटेना. मग कोरं, खडू न लावलेलं चामडं ठेवलं, तर सगळं निर्मळ. ते गोचीड शिकलंच नव्हतं, खडूचा गोल शिकलं होतं! आबा दिवसभर हसत होते.

म्हणून क्रम पाळा: आधी फोटो, मग खुणा. आबांसाठी आम्ही फोटो ए-३ कागदावर छापले, ते लाल पेनने गोल करतात आणि मी संगणकात उतरवतो.

पन्नास फोटो झाले की त्यांतले दहा दुसऱ्या जाणकाराला कोरे द्या. दोघांच्या खुणा जुळवून बघा. आमच्याकडे आबा आणि देवळालीचे एक जुने बूट कारागीर यांचं भरलेल्या ओरखड्यांवर अजिबात जमलं नाही. आबा म्हणत चालेल, ते म्हणत नाही. कारण सोपं निघालं: बूट पायात वाकतो, पाकीट वाकत नाही. दोन माणसांचं जिथे जमत नाही, तिथे मॉडेलकडून शहाणपणाची अपेक्षा करू नका. आधी तुमच्या मालासाठी नियम ठरवा आणि वहीत लिहा.

गोचिडाचे पन्नास खड्डे एकत्र असतील, तर प्रत्येकाभोवती रेघ मारत बसू नका. त्या सगळ्या पट्ट्याला एकच खूण करा. कापणारा तसाही तो पट्टा अख्खा टाळतो.

८. मॉडेल

रस्ते दोन.

पहिला रस्ता: फक्त चांगलं चामडं दाखवायचं आणि जे त्याच्यासारखं दिसत नाही ते वेगळं काढ म्हणायचं. पॅचकोअर ही पद्धत असंच करते. चांगल्या फोटोंच्या छोट्या छोट्या तुकड्यांची आठवण साठवते आणि नवा तुकडा त्या आठवणीपासून किती लांब आहे ते मोजते. अ‍ॅनोमॅलिब या मोफत संचात ती तयार मिळते. खुणा जवळजवळ लागत नाहीत, म्हणून सुरुवातीला हाच घ्या. मात्र 'चांगल्या' फोटोंत माना, पोटं, कण्याच्या रेघा भरपूर हव्यात. नाहीतर ती कलम दोनमधली चूक इथे पुन्हा होते.

दुसरा रस्ता: दोष दाखवून शिकवायचं. प्रत्येक पिक्सेल दोषाचा की चांगला ते सांगणारं यू-नेट २०१५ मध्ये वैद्यकीय चित्रांसाठी बनवलं गेलं, ते चामड्यालाही चालतं. चौकोन काढून देणारं योलो जलद आहे. खड्डे आणि भोकांना चौकोन चालतो. लांब, वाकड्या ओरखड्याला नाही, अर्धा चौकोन चांगल्या चामड्यानेच भरतो.

फोटो अख्खा देऊ नका. लहान करून दिला, तर पाव मिलिमीटरचं सगळं गणित वाया जातं. ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे तुकडे करा, कडा थोड्या एकमेकांवर चढतील असे.

आणि आता तो सापळा, ज्यात मी इतकी प्रोजेक्ट्स अडकलेली पाहिली की मोजणं सोडलं. तुकडे केल्यावर ते पत्त्यांसारखे पिसून काही शिकवायला, काही चाचणीला ठेवले, तर एकाच शेळीचे शेजारी-शेजारी तुकडे दोन्हीकडे जातात. मॉडेल त्या शेळीला ओळखायला शिकतं. मार्क छान पडतात, नवं चामडं आलं की आपटी. वाटणी चामड्याच्या नंबरवरून करा, जमलं तर लॉटवरून. आमचा नव्वदीपुढचा आकडा ही वाटणी केल्यावर एका रात्रीत सत्तरीच्या आसपास आला. तोच खरा होता.

मुलांसाठी खास: एमव्हीटेक एडी नावाचा प्रसिद्ध चित्रसंच २०१९ मध्ये आला. त्यात चामड्याचा एक वर्ग आहे, शिकायला २४५ चांगले फोटो आणि चाचणीला काप, घडी, गोंद, रंग, टोच असे दोष. सराव करायला उत्तम. पण ते चामडं एकसारखं, नीटनेटकं आहे आणि दोष गोचिडाचे नाहीत. त्यावर बऱ्याच पद्धतींना जवळपास पैकीच्या पैकी मार्क मिळतात, म्हणून आपला प्रोजेक्ट झाला असं समजू नका. शिवाय त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो. तसंच योलोची आजची लोकप्रिय आवृत्ती ज्या परवान्याखाली येते, त्यात तुमचं सॉफ्टवेअर लोकांना द्यायचं, तर तुमचा कोडही खुला करावा लागतो, नाहीतर पैसे भरून वेगळा परवाना घ्यावा लागतो. अ‍ॅनोमॅलिबचा परवाना त्या मानाने मोकळा आहे. उद्या हे दुसऱ्या कारखान्याला विकायचा विचार असेल, तर आजच वाचा.

९. चाचणी, आणि यंत्राला न दिसणारं

कधीच न दाखवलेली वीस चामडी घ्या. आबांच्या खुणा एकीकडे, मॉडेलच्या एकीकडे. दोन गोष्टी वेगळ्या मोजा: सुटलेले दोष आणि खोटे इशारे. एकच टक्केवारी काढू नका. चामड्याचा बहुतेक भाग चांगलाच असतो, त्यामुळे 'सगळं चांगलं' म्हणणारं आंधळं मॉडेलही मोठी टक्केवारी दाखवतं.

कोणती चूक महाग, ते मालावर ठरतं. पाकिटाच्या झडपेवर सुटलेला खड्डा म्हणजे परत आलेलं पाकीट. आतल्या कप्प्यासाठी खोटा इशारा म्हणजे फुकट टाकलेलं चामडं. आम्ही म्हणून दोन कसोट्या ठेवल्यात: झडपेसाठी कडक, आतल्या भागासाठी सैल.

आता मर्यादा. आबा ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून गाळ्यावर आले, तेव्हा मी ऐटीत त्यांना एक चामडं दाखवलं. पडद्यावर स्वच्छ, एकही लाल ठिपका नाही. त्यांनी ते उचललं, पोटाकडचा भाग ग्रेन (केसांकडची, वरची बाजू) आत घेऊन दुमडला आणि अंगठ्याने दाबला. वर जाड, सैल वळ्या उठल्या. वरचा थर खालच्यापासून सुटलेला. "हे झडपेला लाव," म्हणाले, "सहा महिन्यांत पापडासारखं उठेल." सैलपणा, जाडी, मांसाकडून अर्धवट गेलेला काप कॅमेऱ्याच्या वरच्या फोटोत येत नाही. त्यामुळे आमच्याकडे आजही प्रत्येक चामड्याची दोन्ही पोटं हाताने दुमडून बघितली जातात. दहा सेकंद लागतात. ते वगळू नका.

१०. टेबलावर

दोष पडद्यावर दिसून उपयोग नाही, कापणाऱ्याला चामड्यावर दिसले पाहिजेत. प्रोजेक्टर वर लावून खुणा थेट चामड्यावर पाडता येतात, पण जुळणी किचकट. आम्ही फोटोची छापील प्रत शेजारी ठेवून खडूने गोल करतो. हो, आता खडू चालतो. फोटो काढून झालेला असतो.

एक अनपेक्षित फायदा झाला. व्यापाऱ्याशी बोलताना आता 'माल खराब होता' एवढंच म्हणावं लागत नाही. नंबर, तारीख आणि फोटो पुढे ठेवतो. 'टेबल रन' म्हणून, म्हणजे प्रतवारी न करता दिलेल्या लॉटमध्ये किती चामडी नापास, ते दोघांनाही दिसतं. भांडण कमी, भाव जास्त.

कागदपत्रं

कर्जासाठी किंवा योजनेसाठी अर्ज करणार असाल, तर: आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, गाळ्याचा भाडेकरार, उद्यम नोंदणी, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, आणि कॅमेरा-दिवे-लॅपटॉपची कोटेशनं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तसंच दिसणाऱ्या खासगी वेबसाइट पैसे घेतात, तिथे फसू नका. माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते, आणि चर्मकार समाजातल्या उद्योजकांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडेही चौकशी करावी.

चामड्याच्या प्रत्येक खरेदीचं बिल जपा आणि त्यावर जनावर लिहून घ्या: शेळी, मेंढी, म्हैस. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. बिलावर नुसतं 'लेदर' असेल आणि वाटेत कोणी टेम्पो थांबवला, तर तुम्हाला उत्तर देता येत नाही.

पावसाळा

उन्हाळ्यात तयार केलेलं मॉडेल जुलैत बिघडतं, यासाठी तयार राहा. आमच्याकडे एका आठवड्यात प्रत्येक चामड्यावर फिकट पांढरे ठिपके दिसायला लागले. बुरशी होती, कोरड्या फडक्याने पुसली की जात होती. आता जून ते सप्टेंबर फोटोआधी पुसणं सक्तीचं आहे आणि पावसाळ्यातले शंभर-एक फोटो शिकवण्याच्या संचात मुद्दाम टाकलेत. डिसेंबर-जानेवारीत उलटं: सकाळच्या थंडीत चामडं आखडतं, कडा उचलल्या जातात आणि त्यांची सावली पडते. दहानंतर फोटो काढा.

बुरशी लेन्सच्या आतही चढते आणि तिथे फडकं पोचत नाही. कॅमेरा रोज रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करा. ती कढई पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.